भरतीच्या वेळी केलेली पाहणी

(स्नेहमेळाव्यात 1996 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तू नेमकं काय करतेस ग? आमंत्रणपत्रिकेत लिहायचं आहे." मी म्हटलं, सॉफ्टवेअर इंजिनिअर. "ते माहीत आहे, पण कशाचं सॉफ्टवेअर?" मी म्हटलं, समुद्राचं. पलीकडे जरा शांतता झाली. मग आवाज आला, "पवनीत समुद्र कुठून आणलास?"

प्रश्न बरोबर आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला गेले तेव्हा. पण भूगोलाचे सर नकाशावर काठी फिरवून जे शिकवायचे ते आठवा. वैनगंगा खाली जाऊन वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे घाटावर आपण सोडलेली कागदाची होडी, मध्ये कुठे अडकली नाही तर, समुद्रातच जायची होती. माझी होडी जरा वळसे घेत गेली एवढंच.

नागपुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. 2002 साली पदवी मिळाली, पुण्याला गेले, सहा-सात वर्षं बिलं आणि पगारपत्रकं यांची सॉफ्टवेअरं लिहिली. 2008 च्या मंदीत नोकरी गेली. घराचा हप्ता सुरू, मुलगी दीड वर्षाची. मिळेल ते काम घ्यायचं ठरवलं आणि एका पर्यावरण सल्लागार कंपनीत लागले. किनाऱ्यावर किंवा बेटावर कुणाला जेट्टी बांधायची असेल, बंदर खोल करायचं असेल, समुद्रात पाइप टाकायचा असेल, तर त्याचा पाण्यावर, जिवांवर आणि माणसांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास आधी करावा लागतो. तो अभ्यास अशा कंपन्या करतात. जीवशास्त्रज्ञ पाण्यात उतरतात, भूगर्भवाले गाळ काढतात आणि मी एसीत बसून त्या सगळ्याची गणितं कॉम्प्युटरला घालते.

ही गणितं काय असतात ते सांगते, कारण त्यातलं पहिलं गणित मी याच शाळेत पाहिलं. विज्ञानाच्या बाईंनी एका जुलैत आम्हाला घाटावरून वैनगंगेचं गढूळ पाणी आणायला सांगितलं होतं. ते काचेच्या बरणीत भरून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं. रेती मिनिटभरात खाली बसली. तिच्यावर बारीक गाळाचा थर दुसऱ्या दिवसापर्यंत बसत होता. वरचं पाणी मात्र आठवडा झाला तरी चहासारखंच. शेवटी बाईंनी तुरटी फिरवली.

बंदर खोल करताना समुद्राच्या तळाचा गाळ उपसतात तेव्हा हेच होतं, फक्त बरणी फार मोठी असते आणि पाणी स्थिर नसतं. पाच मीटर खोल पाण्यात वाळूचा जाड कण मिनिट-दीड मिनिटात तळाला जातो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाला पंधरा-वीस तास लागतात. तेवढ्या वेळात भरती-ओहोटीचा प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेतो. तो जाऊन बसतो प्रवाळावर. प्रवाळ दिसायला दगड, पण तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. पाणी गढूळ झालं की ऊन पोहोचत नाही. गाळ अंगावर बसला की तो झटकण्यातच त्याची शक्ती जाते. म्हणून आम्ही आधी हिशेब करतो, की कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्यात, किती गाळ कुठे जाईल. मग उपसा कधी थांबवायचा, गाळ अडवायला पाण्यात पडदे कुठे लावायचे, हे त्यावरून ठरतं.

आपल्याकडच्या लोकांना प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं. पण आपल्या राज्यातही ते आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. तिथे आहेत. मुंबईतही आहेत, यावर माझा स्वतःचा विश्वास बसला नव्हता. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या 18 वसाहती सापडल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली 2020 च्या नोव्हेंबरमध्ये त्या उचलून दुसरीकडे बसवल्या. तळहाताएवढे जीव, त्यांच्यासाठी एवढी यातायात का? कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांची जागा पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या पवनी-कऱ्हांडल्याचा वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. पुण्यातल्या सहकाऱ्यांना हे सांगताना मला उगाच आपल्या तालुक्याचा अभिमान वाटतो.

इथपर्यंत माझ्या कामाची चांगली बाजू झाली. स्मरणिकेत तेवढीच छापली असती तरी चाललं असतं. पण या शाळेत खोटं बोलल्यावर बाकावर उभं करायचे, म्हणून उरलेलंही सांगते.

त्यासाठी आधी माझ्या आजोळी जावं लागेल. नदीच्या वरच्या अंगाला माझ्या मामाचं गाव होतं. होतं म्हणजे आता ते पाण्याखाली आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचीच ही गोष्ट आहे. धरणासाठी मोजणी झाली तेव्हा मी शाळेत होते. घर मोजलं, गोठा मोजला, आंब्याची झाडं मोजली, सातबारावरची दीड एकर मोजली. डांगरवाडी मोजली नाही.

नदीचं पाणी उतरलं की हिवाळ्यात मामा-मामी पात्रातल्या रेतीत डांगराचे वेल लावायचे. रेतीत खड्डा करायचा, त्यात शेणखत टाकायचं, हाताने पाणी घालायचं. उन्हाळ्यात टरबूज, डांगर, काकड्या. घरातलं रोख पैशाचं उत्पन्न बहुतेक तिथूनच यायचं. माझ्या मामेबहिणीचं लग्न टरबुजांवर झालं. पण पात्र कुणाच्या मालकीचं नसतं. त्याला सातबारा नाही. आणि मोजणीवाले आले ते पावसाळ्यात, तेव्हा नदी काठोकाठ भरलेली. मामी त्यांना हात करून दाखवत होती, "थे पाहा, तठी आमची वाडी रायते." तिथे होतं फक्त पाणी. त्या माणसाने पाण्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि कागद पुढे उलटला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने चहा घेतला, मला शाळेत कितवी आहेस म्हणून विचारलं. त्याच्या कागदावर त्या गोष्टीला रकानाच नव्हता.

मामीच्या त्या हाताचा मी पुढे वीस वर्षं विचार केला नाही. मग 2012 साल आलं.

हिंदी महासागरातल्या एका बेटावर जेट्टी आणि बोटींसाठी खोदलेला मार्ग असं काम होतं. बेटाचं आणि कंपनीचं नाव मी सांगत नाही. अहवालातली सगळी आकडेवारी माझ्याकडे यायची. त्यात एक रकाना होता, उथळ प्रवाळपट्टीचा वापर करणारी माणसं. पाहणीच्या बावीस फेऱ्या आणि बावीस शून्यं. एवढी शून्यं पाहिली की माझ्यासारखीला आधी शंका येते की प्रोग्रॅम बिघडला. म्हणून मी फेऱ्यांच्या वेळा काढल्या आणि त्या बेटाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यापुढे मांडल्या. बावीसच्या बावीस फेऱ्या भरतीच्या आसपासच्या होत्या.

कारण साधं होतं. ओहोटीला त्या पट्टीवर गुडघाभर पाणी राहतं, बोटीचा तळ खरवडतो. म्हणून बोट भरती पाहूनच नेत. आणि माणसं तिथे येतात ती ओहोटीलाच, पायी. उष्ण कटिबंधातल्या कितीतरी बेटांवर बायका ओहोटीच्या दोन-तीन तासांत हातात लोखंडी सळई घेऊन ऑक्टोपस, शिंपले, खेकडे गोळा करतात. ते घरात शिजतं, थोडं विकलं जातं. बोट नाही, परवाना नाही, सोसायटीत नाव नाही. मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटावर तर या बायकांचं काम एवढं मोठं आहे की 2012 पासून ऑक्टोपसला वाढू देण्यासाठी तिथे ठराविक काळ पकडबंदी पाळतात. आमच्या बेटावर मात्र कागदोपत्री असं कुणी नव्हतंच.

मी साहेबांना ईमेल केला. ते माझ्या टेबलाजवळ आले, आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, सामाजिक पाहणी आपल्या कामाच्या व्याप्तीत नाही. अहवाल सोमवारी जायचा आहे. तुम्ही गाळाचं मॉडेल बघा." त्या दिवशी शुक्रवार होता. मी गाळाचं मॉडेल बघितलं. ते बिनचूक होतं. अहवालात वाक्य गेलं, "उथळ प्रवाळपट्टीचा मासेमारीसाठी वापर आढळला नाही." त्या वाक्याला कोर्टातही कुणी खोटं म्हणू शकलं नसतं. खरोखरच आढळला नव्हता. त्या पानाखाली तयार करणाऱ्यांच्या नावांत माझं नाव तिसरं होतं.

सव्वा वर्षाने पाण्याचा गढूळपणा मोजणारी यंत्रं बसवायला मला त्या बेटावर पाठवलं. सकाळी ओहोटी होती. किनाऱ्यावर उभी होते आणि मागून बायका आल्या. दहा-बारा असतील, डोक्याला फडकी बांधलेली, हातात सळया आणि पिशव्या. त्या पट्टीवरून चालत गेल्या आणि आमच्या मार्गापाशी थांबल्या. आता तिथे खोल पाणी होतं. पलीकडची चांगली पट्टी त्यांना तुटली होती. काही जणी परत फिरल्या, दोघी-तिघी लांबचा वळसा घेऊन छातीभर पाण्यातून गेल्या. माझ्याबरोबरच्या स्थानिक मुलामार्फत एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "मोजायला आला होतात तेव्हा आम्हाला का नाही विचारलं?"

मला मामी आठवली. पाण्याकडे केलेला तिचा हात आठवला. या वेळी कागद उलटणाऱ्यांत मी होते. आणि मला तर माहीत होतं.

पुढचं सांगते, पण त्यातून माझी बाजू सावरून घ्यायचा हेतू नाही. परत आल्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जेमतेम चारशे ओळींचा. पाहणीची प्रत्येक नोंद आली की तो तिची तारीख आणि वेळ बघतो, त्या क्षणी पाणी किती होतं ते काढतो आणि शेवटी एक तक्ता देतो की भरतीला किती वेळा पाहिलं, ओहोटीला किती वेळा, उधाणाला, भांगाला, पावसाळ्यात, उन्हाळ्यात, पहाटे, रात्री. जिथे एकदाही पाहिलं नाही तिथे शून्य न छापता "पाहिले नाही" असं छापतो. एवढंच. कुठलंही कठीण गणित त्यात नाही, बारावीचा मुलगा लिहील.

सुरुवातीला तो कुणी वापरला नाही. उलट मला काही महिने दुसऱ्या कामावर टाकलं. पुढे एका वेगळ्या प्रकल्पात तपासणी समितीतल्या एका सदस्याने विचारलं, ओहोटीला पाहणी केली होती का? तेव्हा तो तक्ता शोधत साहेब स्वतः माझ्याकडे आले. त्यानंतर तो अहवालाला जोडायची पद्धत पडली. आता मी दुसऱ्या कंपनीत आहे, तिथेही ती मी नेली. दोन ठिकाणी त्या तक्त्यामुळे ओहोटीच्या वेळची पाहणी पुन्हा झाली आणि एका ठिकाणी जेट्टीची जागाच सरकली. त्या पहिल्या बेटावरच्या बायकांना मात्र यातलं काहीही मिळालं नाही. मार्ग अजून तिथेच आहे.

आता एक शेवटची गोष्ट, समुद्रापलीकडच्या आपल्याच माणसांची. एकोणिसाव्या शतकात कोकणातून कितीतरी माणसं मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजुरीला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं एक मोठं मालवाहू जहाज त्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्याला, पॉइंट देस्नीजवळ, प्रवाळावर चढलं. 6 ऑगस्टला त्यातून तेल गळू लागलं. सुमारे हजार टन तेल खाजणात पसरलं. आपला इथे लॉकडाऊन सुरू होता. मी पुण्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कुणी सांगितलं नसताना, ते तेल कुठे जाईल याचं मॉडेल चालवत होते. पाण्यावरचं तेल प्रवाहाबरोबर जातं आणि शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने वाऱ्याकडून ढकललं जातं, असा एक ढोबळ नियम आहे. माझ्या पडद्यावर काळे ठिपके सरकत होते, आणि तिकडे हजारो माणसं किनाऱ्यावर बसून उसाचा पाला कापडात भरत होती, लांब लांब गुंडाळ्या शिवून तेल अडवायला समुद्रात सोडत होती.

दोन वर्षांनी कामानिमित्त तिथे गेले तेव्हा माहेबूर गावात मराठी वंशाची एक बाई भेटली. तिला मराठी थोडंच येत होतं, देवाची आणि नात्यांची. मला ताई म्हणाली. मी विचारलं, उसाच्या पाल्याचं कुणी शिकवलं? ती म्हणाली, "कुणी नाही. आमच्याकडे ऊस होता." तिच्या आजोबा-पणजोबांना ज्या उसासाठी बोटीत घालून नेलं, त्याच उसाचा पाला. पुण्यात बसून चालवलेलं माझं मॉडेल तिच्यापर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं.

मित्रांनो, हे सगळं मी इथे सांगतेय कारण आपला जिल्हाही पाण्याचा आहे. तलावांचा जिल्हा म्हणतात आपल्याला. कोहळी समाजाने अडीच-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, त्यांवर जगणारे ढिवर बांधव. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण कोणत्या तलावात कोणत्या महिन्यात कोण उतरतं, मरळ कुठे अंडी घालते, शिंगाडा कोण लावतं, हे अजूनही बहुतेक लोकांच्या डोक्यातच आहे. आपल्या शेजारी गोंदिया जिल्ह्यात ढिवर समाजातल्या बायकांनी तलावांतली बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासे परत आणले. त्यांना कुणाच्या अहवालाची गरज लागली नाही. पण उद्या तलावावर, नदीवर एखादा प्रकल्प आला, तर अहवाल येणारच.

तेव्हा काय करायचं, हे माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते. 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांपैकी बहुतेकांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. तो वाचा. फार जाड नसतो. सुनावणीला जा आणि तीनच प्रश्न विचारा. पाहायला कोणत्या महिन्यात आलात? दिवसाच्या कोणत्या वेळी आलात? आणि कुणाला विचारलंत? भाषण करू नका, घोषणा देऊ नका. हे तीन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. मी टेबलाच्या त्या बाजूला बसते, म्हणून सांगते, आम्हाला घोषणांचं काही वाटत नाही. या प्रश्नांचं वाटतं.

आमच्या तुकडीने शाळेला प्रयोगशाळेसाठी देणगी द्यायची ठरवलं आहे, ते संयोजक सांगतीलच. त्यात माझी एक छोटी विनंती आहे. दरवर्षी आठवीच्या मुलांनी आपापल्या गावच्या तलावाची किंवा घाटाची एक नोंदवही ठेवावी. महिन्यातून दोनदा जायचं, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. पाणी कुठवर आहे, कोण काय करतंय, एवढंच लिहायचं. गुरं पाजणारा, शिंगाडे काढणारी, कपडे धुणारी, गळ टाकून बसलेला, सगळे. वह्यांचा आणि त्या कॉम्प्युटरवर चढवायचा खर्च माझा. दहा वर्षांनी आपल्या शाळेकडे अशा नोंदी असतील ज्या कुठल्याही सरकारी कपाटात नाहीत. मग कुणी पावसाळ्यात येऊन पाण्याकडे बघून कागद उलटू लागला, तर आपल्याला नुसता हात करून दाखवावा लागणार नाही.

विज्ञानाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, ती बरणी तुम्ही कुठे ठेवली होती ते मी सकाळीच शोधून आले. खिडकीजवळच्या कपाटात, वरच्या फळीवर. धूळ आहे, पण फुटलेली नाही. येत्या जुलैत तिच्यात पाणी भरायला मी येईन.